नागपूरच्या मे महिन्यात टिकणारं मेण: इतवारीतल्या खरेदीचा अनुभव

घाईत असलेल्यांसाठी निकाल आधीच सांगून टाकते. नागपूर, चंद्रपूर, अकोला, जळगाव अशा गावात राहत असाल आणि घरी सुगंधी मेणबत्त्या किंवा मेल्ट्स (वात नसलेल्या सुगंधी मेणाच्या वड्या) करायचे असतील, तर नुसत्या सोया मेणाच्या भरवशावर राहू नका. आणि त्यावर उपाय म्हणून सरसकट कडक मेणही उचलू नका, कारण मेण जितकं कडक तितका वास आत कोंडून बसतो. या दोन टोकांच्या मधली जागा शोधायला मला इतवारीतल्या एका दुकानाची मदत झाली. हा त्या दुकानाचा आणि तिथून आणलेल्या मेणांचा रिव्ह्यू समजा.

माझ्याकडे मेणबत्त्यांच्या ऑर्डरी दिवाळीपेक्षा एप्रिल-मेमध्ये जास्त असतात. लग्नाचे रिटर्न गिफ्ट. वऱ्हाडात लग्नं कधी असतात हे सांगायला नको. मांडवात टेबलावर पन्नास-पन्नासच्या थप्पीने डबे मांडलेले, बाहेर ४४-४५ अंश, आणि वरून पाहुणे ते डबे गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवून वर्ध्याला निघणार. मेणाची खरी परीक्षा तिथे होते. यूट्यूबवरच्या ताई एसीच्या खोलीत बसून सांगतात त्या रेसिपीला इथे कोण विचारतो?

आधी ऑनलाइन मागवलेल्या सोया मेणाबद्दल. कंपनीचं नाव घेत नाही, कारण अशा पिशव्या सगळ्यांच्याच सारख्या असतात. पुढे हिरवं पान, ‘१००% नॅचरल’, ‘इको’, ‘टॉक्सिन फ्री’. मागे वजन आणि किंमत. वितळबिंदूचा आकडा कुठेच नाही. मेण कंटेनरसाठी, म्हणजे काचेच्या पेल्यात ओतायचं, की उभ्या मेणबत्तीसाठी, हेही नाही. वर्णनात पांढऱ्याशुभ्र पापड्यांचा फोटो होता. मे महिन्यात घरी आली ती एक सलग ढेप, आणि पुठ्ठ्याच्या खोक्याला तेलकट डाग. कस्टमर केअरला कळवलं तर उत्तर आलं की ‘गुणवत्तेवर परिणाम होत नाही’. हे उत्तर खरं आहे. मेण एकदा वितळून परत घट्ट झालं म्हणून बाद होत नाही. पण जे मेण कुरिअरच्या टेम्पोत वितळतं, ते माझ्या गिऱ्हाइकाच्या गाडीतही वितळणार, याचं उत्तर त्यांच्याकडे नव्हतं.

यात सोया मेणाचा दोष म्हणावा तर तसाही नाही. पेल्यात ओतायचं सोया मेण साधारण ४६ ते ५० अंशांना वितळतं, आणि त्याच्या बऱ्याच आधी मऊ पडायला लागतं. ही वस्तू मुळात १९९० च्या दशकात अमेरिकेत पुढे आली, मधमाशीच्या मेणाला स्वस्त पर्याय म्हणून. सोयाबीनच्या तेलात हायड्रोजन भरून ते घट्ट करतात; आपलं वनस्पती तूप होतं तीच रीत. तिथल्या घरांत हे मेण उत्तम चालतं. पण वाशीम-यवतमाळच्या शेतात ज्या पिकावर अख्खी घरं चालतात, त्या पिकाचं मेण नागपूरच्या मांडवात तग धरत नाही, ही गंमत मला दर उन्हाळ्यात आठवते.

आता दुकान. इतवारीत किराणा ओळीच्या आसपास केमिकल, रंग, अत्तराचे सेंट आणि साबणाचा कच्चा माल विकणारी दुकानं आहेत, त्यातलंच एक. नाव मुद्दाम देत नाही. हाच माल शेजारच्या दोन-तीन दुकानांतही मिळतो, आणि या दुकानाचे मालक फोनवर ‘इंटरनेटवाले’ म्हटलं की वैतागतात. बाहेरून पाहिलं तर आत शिरावंसं वाटणार नाही. दारातच पॅराफिनच्या लाद्यांची पोती, आत चिंचोळी बोळ, वर माळ्यावरून एक मुलगा दोरीने डबे खाली सोडतो. गाडी लावायला जागा नाही, त्यामुळे ऑटोने जा किंवा सकाळी लवकर जा.

मी सोया मेण मागितलं तेव्हा मालकांनी भाव सांगण्याआधी विचारलं, “ताई, ठेवता कुठं? एसीत का कूलरमध्ये?” या एका प्रश्नासाठी मी त्यांना पाचपैकी पाच देईन. मेण विकणाऱ्या कुठल्याही वेबसाइटने मला हे विचारलेलं नाही.

मग ते म्हणाले, “१४ एप्रिलला दीक्षाभूमीला जे मेणबत्त्या लावतात नं, त्या बनवणारे आमच्याकडूनच माल नेतात. उन्हात उभी राहिली पाहिजे, वाकली तर लोक शिव्या देतात. त्यांना विचारा कडक मेण म्हणजे काय.” आणि पॅराफिनची लादी नखाने खरवडून दाखवली. तिच्या पोत्यावर ५८-६० छापलेलं होतं. हे वितळण्याचे अंश. पॅराफिन पेट्रोलियमपासून निघतं, त्यातल्या कार्बनच्या साखळ्या जितक्या लांब तितकं ते उशिरा वितळतं, आणि शुद्ध करताना त्यातलं तेल जितकं काढलं तितकं ते कोरडं नि कडक. ‘फुल रिफाइंड’ आणि ‘सेमी रिफाइंड’ असे दोन प्रकार त्यांच्याकडे होते. भावात फरक थोडा, मालात बराच. सेमी रिफाइंड किंचित पिवळट असतं, हाताला तेलकट लागतं आणि त्याला रॉकेलच्या अंगाने जाणारा वास असतो. साध्या मेणबत्तीला तो चालून जातो. मोगऱ्याचा सेंट घालायचा असेल तर तिथे पैसे वाचवू नका.

पॅराफिन भावाने सोयाच्या निम्म्याच्या आसपास पडलं. वास फेकण्यात ते सोयापेक्षा सरस आहे, हे नैसर्गिकवाल्यांना आवडणार नाही, पण ज्यांनी दोन्ही जाळून पाहिली त्यांना माहीत आहे. ‘पॅराफिनची काजळी, सोयाला धूरच नाही’ हेही अर्धंच खरं. मोठी वात लावली आणि पंख्याखाली ठेवली की सोयाही काच काळी करतं. पॅराफिनचा खरा त्रास वेगळा: थंड होताना ते खूप आकसतं. पेल्यात ओतलं की वातीभोवती विहिरीसारखा खड्डा पडतो, तो दुसऱ्यांदा मेण ओतून बुजवावा लागतो. आणि काचेच्या आतून ते जागोजागी सुटतं, बाहेरून ओलं असल्यासारखे डाग दिसतात. म्हणून पेल्यासाठी नुसतं पॅराफिन मला पसंत नाही.

तिसरी पिशवी स्टिअरिक ॲसिडची. ॲसिड हे नाव ऐकून सासूबाई दचकल्या होत्या, पण हे चरबीतलंच आम्ल आहे, पांढऱ्या मण्यांसारखं, जवळजवळ बिनवासाचं. १८२५ साली शेव्हरल आणि गे-ल्यूसॅक या दोन फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनी त्याच्या मेणबत्त्यांचं पेटंट घेतलं होतं, म्हणजे मेण कडक करायची ही युक्ती दोनशे वर्षं जुनी. पॅराफिनमध्ये स्टिअरिक घातलं की मेण दुधाळ, अपारदर्शक होतं, साच्यातून पटकन सुटतं आणि उन्हात वाकत नाही. एक सावधगिरी मात्र पाळा: तांब्या-पितळेच्या भांड्यात ते वितळवू नका. आम्ल धातूला लागतं आणि मेणाला हिरवट झाक येते. स्टीलचं पातेलं घ्या. हे दुकानदाराने सांगितलं नाही, मी सांगते.

मेळघाटाकडून मध घेऊन येणाऱ्या एकाकडून आग्या मोहोळाचं मेणही घेतलं होतं, तेही याच प्रयोगात आलं. मधमाशीचं मेण साधारण ६२ ते ६४ अंशांना वितळतं, चिवट असतं, आणि सोयात पाच-दहा टक्के मिसळलं तर पेल्याच्या पृष्ठभागावर येणारी पांढरी बुरशीसारखी नक्षी बरीच कमी होते. ती नक्षी म्हणजे सोयाचे स्फटिक हळूहळू दुसऱ्या रूपात बसतात त्याची खूण, खराबी नव्हे. पण गिऱ्हाईक ऐकत नाही. आमच्याकडे दिवसभर कूलर, रात्री बंद, पहाटे पुन्हा चालू, अशा चढउतारात ती जास्तच उठते. आग्या मोहोळाच्या मेणाची अडचण त्याच्या स्वतःच्या वासाची. धुराचा, मधाचा, किंचित आंबूस. लवंगेबरोबर, दालचिनीबरोबर झकास. मोगरा त्याच्यापुढे मरतो. शिवाय कचरा असतो, मलमलीतून दोनदा गाळावं लागतं. हौसेला घ्या, ऑर्डरीला नको.

नारळाचं मेण त्याच दुकानात डबीत मिळत होतं. मालकांनी झाकण उघडून बोट बुडवून दाखवलं. एप्रिलमध्ये ते बामसारखं होतं. नागपूरकरांनी ते डिसेंबरात घ्यावं.

आता मिश्रण. इथे एक समज आधी मोडते. ४८ अंशांचं मेण आणि ६० अंशांचं मेण निम्मं-निम्मं घेतलं म्हणजे मिश्रण ५४ अंशांपर्यंत घट्ट राहील, असं होत नाही. ते एका ठरावीक आकड्याला झटकन वितळत नाही. मऊ भाग आधी सैल होतो, तेल वर येतं, मेणबत्तीला घाम फुटतो, आणि कडक भाग तोवर सांगाडा धरून ठेवतो. म्हणजे आकडेमोडीपेक्षा परीक्षा घेतलेली बरी. माझी परीक्षा सोपी आहे. बिस्किटाच्या डब्यांच्या झाकणांत प्रत्येक मिश्रणाचा एक-एक चमचा ओतायचा, खाली पेन्सिलने प्रमाण लिहायचं, आणि गच्चीवरच्या जिन्याच्या खोलीत थर्मामीटरशेजारी दुपारभर ठेवायचं. चार वाजता जाऊन नखाने दाबायचं. नख रुतलं तर बाद, ठसा उमटला तर चालेल. घाम आहे का ते टिश्यू टेकवून बघायचं.

या झाकणांतून माझं ठरलेलं प्रमाण असं निघालं. उन्हाळ्यातल्या पेल्यासाठी शंभर ग्रॅममागे ७० सोया, २६ पॅराफिन ५८-६० फुल रिफाइंड, ४ स्टिअरिक. स्टिअरिक याच्या वर नेलं की मेण छान टणटणीत होतं, गाडीतही राहतं, पण पेटवल्यावर वातीभोवतीचं वितळलेल्या मेणाचं तळं काठापर्यंत पोचत नाही, मध्ये बोगदा पडतो आणि वास येईनासा होतो. मग वात एक नंबर जाड घ्यावी लागते, जाड वात काजळी धरते, आणि आपण एक दुखणं देऊन दुसरं घेतो. म्हणून चारवर थांबले. हिवाळ्यात, पारा दहाच्या खाली जातो तेव्हा, हेच मिश्रण काचेतून सुटून येतं; तेव्हा पॅराफिन दहावर आणायचं, स्टिअरिक काढून टाकायचं, आणि तेव्हा कुठे त्या नारळाच्या मेणाला थोडी जागा द्यायची.

मेल्ट्सचं गणित निराळं, आणि माझ्या मते आपल्याकडे खरी मजा त्यातच आहे. मेल्ट म्हणजे वात नसलेली सुगंधी मेणाची वडी. ती बर्नरच्या वाटीत ठेवायची, खालून दिवा किंवा विजेची प्लेट तापवते. वात नाही म्हणजे तळ्याची, बोगद्याची, काजळीची भानगड नाही. मेण वाटेल तितकं कडक करा, खालून आच मिळाली की ते वितळणारच. इथे मी ४० सोया, ५० पॅराफिन, १० स्टिअरिक वापरते. वडी साच्यातून टकटक निघते, मोडताना खुटकन आवाज होतो, मांडवात ढिम्म हलत नाही. आणि कूलरच्या झोतात मेणबत्तीची ज्योत एका बाजूला झुकून अर्धाच पेला जळतो, तो प्रश्न विजेच्या बर्नरला नाही. फक्त पारदर्शक प्लास्टिकच्या खणाखणांच्या डबीत ओतत असाल तर मेण ६० अंशांच्या आसपास आल्यावर ओता. ७०-७५ ला ती डबी वाकते.

रीत थोडक्यात: आधी सगळ्यात कडक मेण वितळवायचं, मग पॅराफिन, शेवटी सोया. सगळं उकळत्या पाण्यावर ठेवलेल्या पातेल्यात, थेट गॅसवर कधीच नाही. मेणाने पेट घेतलाच तर पाणी मारू नका, भडका उडतो; झाकण टाका आणि गॅस बंद करा. सेंट ८० ते ८५ अंशांना घालून दोन मिनिटं सावकाश ढवळायचा. सेंट मिलिलिटरने नाही, काट्यावर ग्रॅमने मोजायचा. पेल्याला मी सहा ते आठ टक्के घालते, म्हणजे अर्ध्या किलोला ३० ते ४० ग्रॅम; मेल्टला दहापर्यंत. त्याच्यावर गेलं की मेण ते धरत नाही, तळाशी किंवा वर तेलाचे थेंब दिसतात. ओतल्यावर सोयाचं प्रमाण जास्त असलेल्या मेणाला निदान दोन आठवडे झाकून ठेवायचं, तोवर वासाचा निकाल देऊ नये.

सेंटचं सांगायलाच हवं, कारण मेण मऊ पडण्यात त्याचा हात मोठा असतो आणि तो कुणी धरत नाही. संत्र्याचंच घ्या. नागपूरची ऑर्डर म्हटली की दर तिसरं गिऱ्हाईक संत्रा मागणार. संत्र्याच्या सालीच्या तेलात लिमोनीन असतं, आणि लिमोनीन हा चांगला द्रावक आहे, ग्रीस-मेण विरघळवणारा. मोगऱ्याला जे मिश्रण दगडासारखं राहतं तेच संत्र्याला नखाखाली दबतं. संत्र्याच्या मेल्टला मी स्टिअरिक दोन टक्के वाढवते आणि अस्सल सालीचं तेल कमी करून बाकी सेंट घेते. एरवीही हे हलकं तेल पहिल्या तासातच उडून जातं. व्हॅनिलाचं वेगळंच, त्याने मेण कडक-मऊ होत नाही, पण आठ-पंधरा दिवसांत पांढरी वडी चहाच्या रंगाची होते. पांढऱ्याच हव्या असतील तर गिऱ्हाइकाला आधी सांगा. कनोजचं वाळ्याचं अत्तर मी हौसेने घालून पाहिलं. महाग पडतं आणि पेटवल्यावर जाणवतही नाही. त्यावर सासूबाई म्हणाल्या, “कूलरच्या ताटीला वाळा लावलाय, तो फुकट वास देऊन राहिला. त्यात मेणबत्ती कशाला?” मे महिन्यापुरतं त्यांचं म्हणणं बरोबर आहे.

दुकानाबद्दल तक्रारी आहेत. पॅराफिनची लादी फोडून देत नाहीत, अख्खीच घ्यावी लागते, म्हणजे ज्याला दोन पेले करून बघायचे आहेत त्याची पंचाईत. सोया सुट्टं मिळतं, पण ते ज्या मोठ्या खोक्यातून निघतं त्याच्यावरचा कागद पाहायला मागावा लागतो. मागितला तर दाखवतात, त्यावर वितळबिंदू आणि वापर दोन्ही असतात. सेंटच्या बाटल्या बिनलेबलच्या, नुसतं ‘रोज २’, ‘मोगरा स्पेशल’ असं पेनने लिहिलेलं. ते मेणात चालतील की फक्त फिनाइल-अगरबत्तीत, हे विचारून घ्या आणि तरी पन्नास ग्रॅमच आणा. मी सेंट दुसरीकडून, माहितीपत्रक देणाऱ्या विक्रेत्याकडून घेते. वाती तिथल्या घेऊ नयेत. सुती आहेत, पण जाडी प्रत्येक गुंडीत बदलते, आणि वात बदलली की वर लिहिलेलं सगळं प्रमाण पाण्यात.

मेणाला मात्र माझे साडेचार स्टार. फुल रिफाइंड पॅराफिन प्रत्येक खेपेला सारखंच निघालं, स्टिअरिक स्वच्छ, भाव ऑनलाइनपेक्षा बरेच खाली आणि कुरिअरच्या टेम्पोची भीती नाही. यूपीआय चालतं, पक्कं बिल मागितलं तर मिळतं. दीक्षाभूमीच्या गर्दीच्या आधीचा आठवडा, म्हणजे एप्रिलची सुरुवात आणि दसऱ्याच्या आधीचे दिवस, टाळा; तेव्हा लाद्या पोत्यांनी उचलल्या जातात आणि किलोवाल्याकडे कुणी बघत नाही. स्टिअरिक दारात दिसत नाही, ते डावीकडच्या फळीवर साबणाच्या सोड्याशेजारी असतं. मालक फोनवर असतील तर माळ्यावरच्या मुलाला सांगा, तो काढून देतो.